सपाटीचा सोस

"सर, एक डंपर लाल माती, दीड ब्रास वाळू आणि दोन दिवस रोलर. गोटी ठेवली तर जागची हलणार नाही असं लॉन करून देतो." नगरच्या सावेडीतल्या आमच्या मागच्या अंगणात उभं राहून एका बागकामाच्या ठेकेदाराने हे वचन दिलं तेव्हा वैशाख होता, आणि त्याच्या बुटाचं टोक एका भेगेत गेलं होतं. भेग चांगली हातभर खोल होती. त्याने पाय उपसला, बूट झटकला आणि भेगेबद्दल चकार शब्द न काढता दर सांगितला.

माझं भांडण त्या माणसाशी नाही. तो धंदा करतो आणि लोक मागतात ते देतो. भांडण आहे ते त्याच्या वाक्यामागच्या समजुतीशी, कारण ती आता एकट्याची राहिलेली नाही. नर्सरीवाला तेच सांगतो, बागेवरचं सदर तेच सांगतं, पुण्याहून चार दिवसांसाठी आलेला भाचाही चहाचा कप हातात घेऊन तेच सांगतो: हिरवळीतले उंचवटे आणि खळगे हा रोग आहे, वरून माती-वाळू टाकून तो गाडायचा आणि रोलरने दाबायचा. माझं म्हणणं असं की नगरच्या काळ्या मातीवर हा सल्ला नुसता खर्चिक नाही, तो उलटा आहे. ज्या कारणाने अंगण वरखाली होतं, त्याच कारणाला तो खतपाणी घालतो.

आधी माती काय करते ते पाहू. आपली काळी ही दख्खनच्या बेसाल्ट खडकाची लेक. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आक्रसते. हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि त्या भेगांत वरची भुसभुशीत माती, पालापाचोळा, शेळीच्या लेंड्या, पोरांच्या गोट्या असं सगळं पडत राहतं. मग मृगाचा पाऊस येतो. पाणी भेगांतून थेट खाली उतरतं आणि माती तळापासून फुगू लागते. पण भेग तर आता अर्धी भरलेली. फुगणाऱ्या मातीला पूर्वीइतकी जागा उरलेली नसते, म्हणून ती बाजूला रेटते, आणि बाजूलाही वाव नसला की वर येते. तिथे उंचवटा होतो, शेजारी खळगा राहतो. मृदाशास्त्रातलं हे जुनं स्पष्टीकरण आहे. पुढच्या अभ्यासकांनी त्यात बरीच भर घातली, पण वरून पडलेल्या मातीने भेग भरते आणि मग फुगायला जागा पुरत नाही, एवढं कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

नांगर न लागलेल्या काळ्या जमिनीवर वर्षानुवर्षं हा खेळ चालला की सगळं रान उंचवट्या-खळग्यांचं होतं. ऑस्ट्रेलियात अशी रानं मैलोन्‌मैल आहेत. तिथल्या आदिवासींच्या भाषेतून आलेला 'गिलगाई' हा शब्द आज जगभरचे मृदाशास्त्रज्ञ त्यासाठी वापरतात. मूळ अर्थ, पाण्याचं छोटं डबकं. त्या लोकांना खळगा दिसला तो पाण्याची जागा म्हणून, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आता कुणी म्हणेल, मग आपल्या शेतांत हे का दिसत नाही? कारण तिथे दर वर्षी नांगर फिरतो, वखर फिरतो, त्यावर मैंद फिरते. उंचवटा डोकं वर काढायच्या आत पुसला जातो. अंगणात वखर कोण फिरवतो? हिरवळ म्हणजे न नांगरलेली काळी. तुम्ही घर बांधलंत, मागे हजार फुटांचा तुकडा सोडलात, त्यावर गवत लावलंत, आणि नकळत तिथे एक छोटं ऑस्ट्रेलिया वसवलंत.

या जमिनीवर दीड ब्रास वाळू टाकली तर ती जाईल कुठे? पहिल्या पावसाळ्यात ती वर राहील, गवत छान दिसेल, फोटो निघतील. पुढच्या वैशाखात भेगा पडतील आणि वाळू त्या भेगांत ओघळेल. ओली माती निदान आक्रसते तरी, वाळू आक्रसत नाही. ती भेगेत पाचर मारल्यासारखी बसते. मग मृग. मग आधी जो उंचवटा चार बोटांचा होता तो पाच बोटांचा. ठेकेदार पुन्हा येतो, मान हलवतो आणि म्हणतो, "सर, माती बसली. अजून एक ब्रास लागेल." माती बसलेली नसते. तुम्ही तिच्या घशात पाचर ठोकलेली असते. आणि ती वाळू मुळा-प्रवरेच्या पात्रातून कशी निघते, रात्री किती वाजता निघते, हे या जिल्ह्यात मी सांगायला नको.

लाल मातीचं तेच, फक्त जरा सावकाश. काळीवर लाल अंथरली की दोन थर होतात. वरचा पाणी पटकन गिळतो, खालचा ओला होऊन बंद होतो, आणि गवताची मुळं त्या सांध्यापाशी आडवी पसरतात. खाली उतरायचे कष्ट ती कशाला घेतील? मग एप्रिलमध्ये रोज पाणी मारलं नाही तर सगळं तांबूस.

राहिला रोलर. रणगाड्यांचं संग्रहालय असलेल्या शहरात जड वस्तूंचं आकर्षण असणार, ते मी समजू शकतो. पण रोलर नेमका केव्हा फिरवतात ते बघा: पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असताना, 'म्हणजे दबते चांगली'. ओली काळी दाबणं म्हणजे काय, हे अकोले तालुक्यातल्या भात लावणाऱ्याला विचारा. तो खाचरात मुद्दाम चिखलणी करतो, मातीतली छिद्रं मोडून टाकतो, का? तर पाणी खाली उतरू नये म्हणून. भाताला ते हवं असतं. तुम्ही हिरवळीवर रोलर फिरवून चिखलणीच करता आणि मग पाणी साचतं म्हणून तक्रार करता. आपल्या शेतकऱ्याकडे या साऱ्याला एक शब्द आहे, वाफसा. माती ना चिखल ना ढेकूळ, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि अंगठ्याने टोचला तर फुटतो, ती वेळ. वाफसा नसताना जाणता माणूस काळीत पाऊलसुद्धा टाकत नाही. बागकामाच्या एकाही सपाटीछाप सल्ल्यात मी हा शब्द पाहिलेला नाही.

इथे सपाटीवाल्यांचा हुकमी एक्का येतो: क्रिकेटची खेळपट्टी. "काळ्या मातीचीच असते ना? रोलरनेच होते ना आरशासारखी?" झहीर खान श्रीरामपूरचा आणि अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा, त्यामुळे हा एक्का आमच्याकडे फार जोरात आपटला जातो. पण खेळपट्टीवर गवत वाढावं, मुळांनी श्वास घ्यावा, पाणी मुरावं अशी कुणाची अपेक्षा नसते. तिथे गवताचं काम माती धरून ठेवण्यापुरतं, मग तेही खरवडून घेतात. पाऊस आला की माणसं ताडपत्र्या घेऊन धावतात. भेगा तरीही पडतात, आणि पाचव्या दिवशी त्या भेगांवर चेंडू कसा वळतो यावर समालोचक तासभर बोलतात. रोज पाणी, रोज रोलर, वर झाकण, आणि एवढं करून पाच दिवस. तुमचं अंगण किती दिवस टिकायला हवं आहे?

बांधकामवाल्यांनी हे केव्हाच ओळखलं. काळीवर घर नुसतं टेकवलं की भिंती तडकतात, म्हणून पूर्वीचे गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणत. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तर अशा मातीसाठी तळाशी फुगवटा असलेले खांब विकसित केले. वरची माती हलणार हे गृहीत धरायचं आणि जिथे ती हलत नाही त्या खोलीवर पाय रोवायचा. इंजिनिअरने जिच्यापुढे हात टेकले तिला दोन दिवस रोलर फिरवून सरळ करू म्हणणाऱ्याचं मला खरंच कौतुक वाटतं.

मुळात हा सोस आला कुठून? गवताला सपाटी लागत नाही. सपाटी लागते ती गवत कापणाऱ्या यंत्राला. १८३० साली इंग्लंडमध्ये स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगने पहिलं यंत्र केलं. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या, आणि कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली. म्हणजे हिरवळ गालिच्यासारखी दिसावी हा योगायोग नाही, ती कापडाच्या यंत्रानेच कापली गेली. त्याआधी विळ्याने किंवा मेंढरांच्या दातांनी ती कापली जायची, आणि विळ्याला उंचवटा अडत नाही. यंत्राचं पातं मात्र उंचवट्यावर गवत मुळापासून खरवडतं आणि खळग्यात नुसतं वरून जातं. तेव्हापासून जमीन दोषी ठरली. शिवाय तिथे पाऊस वर्षभर भुरभुरत असतो, माती फारशी सुकतच नाही. आमच्याकडे तो चार महिन्यांत येतो आणि त्या चार महिन्यांतही बरेच दिवस येत नाही. आम्ही यंत्राची सोय आयात केली आणि तिला सौंदर्य म्हटलं.

आता पाण्याचा हिशेब, कारण माझा खरा राग इथे आहे. अंगण हजार चौरस फूट, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. २५ मिलिमीटरची एक बरी सर झाली की त्या अंगणावर २,३०० लिटरहून जास्त पाणी पडतं. वर्षाचा पाऊस ५६० मिलिमीटर धरला तर ५२,००० लिटर. दहा हजार लिटरचे पाच टँकर. सपाटीवाला काय करतो? गेटकडे बारीक उतार देतो, रोलरने वरचा थर बंद करतो आणि ते पाच टँकर रस्त्यावर सोडतो. मार्चमध्ये त्याच घरी त्याच हिरवळीसाठी टँकर मागवला जातो, पैसे मोजून.

याच जिल्ह्यात हे घडावं याला काय म्हणायचं? नगर तालुक्यातलं हिवरे बाजार जग पाहायला येतं. पोपटराव पवारांनी १९९० च्या सुमारास गावाची सूत्रं हाती घेतली, आणि गावाने डोंगरउतारावर जे खणलं त्याचं सरकारी कागदावरचं नाव आहे 'सलग समतल चर'. समतल! हा शब्द नीट ऐका. तिथे कुणी डोंगर सपाट केला नाही. उतारावर सारख्या उंचीचे बिंदू शोधले, ए-फ्रेम नावाची पातळी मोजायची चौकट घेऊन एक एक करत, फक्की टाकली आणि त्या रेषेवर चर खोदला, म्हणजे पाणी एकीकडे न पळता चराच्या लांबीभर थांबेल. पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला अण्णा हजाऱ्यांनी १९७५ नंतर जे सुरू केलं, त्याचाही गाभा पळणारं पाणी अडवणं हाच. या जिल्ह्याने 'समतल' शब्दाचा अर्थ शिकवला तो असा: असमान जमिनीवर पाण्याची पातळी ओळखणं. आणि त्याच जिल्ह्याच्या शहरात समतल म्हणजे बिलियर्डचं टेबल. डोंगरावर लोकांनी श्रमदान करून खळगे खणायचे आणि खाली आपण पैसे देऊन ते बुजवायचे.

डासांचा मुद्दा माझ्यावर नेहमी फेकला जातो, त्याला उत्तर देतो. डासाचं अंडं पाण्यात पडून डास होऊन उडायला सर्वसाधारण आठवडा, दहा दिवस लागतात. हिरवळीतला बशीएवढा उथळ खळगा दोन-तीन दिवसांत जिरला तर तिथे डास होत नाहीत. डेंगीचा डास तर घरातल्या साठवणीच्या स्वच्छ पाण्याचा शौकीन, फ्रिजखालचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर. ते आधी रिकामे करा. पाच-सहा दिवस पाणी हलतच नसेल तर मात्र काहीतरी बिघडलंय आणि ते दुरुस्त करायलाच हवं. पण बहुतेकदा ते रोलरनेच बिघडवलेलं असतं.

दुसरी गोष्ट मी बिनशर्त मान्य करतो. घराच्या जोत्यालगत पाणी थांबता कामा नये. भिंतीपासून सहा-आठ फूट जमीन बाहेरच्या बाजूला उतरती हवीच, नाही तर जोत्याखालची काळी फुगून भिंतीला तडे देईल. पायरीजवळचा खळगा, जिथे आजी अडखळेल, तोही आजच्या आज भरा. मी खळग्यांचा भक्त नाही. मला एवढंच हवंय की बुजवण्याआधी तो खळगा कशामुळे झाला ते माणसाने विचारावं.

कारण सगळेच खळगे मातीच्या फुगण्याने होत नाहीत. या गावात बाग करायला बसलेल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाचा दाखला देतो. १९४२ च्या ऑगस्टपासून जवाहरलाल नेहरू भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. १९४४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी जे पुस्तक लिहायला घेतलं, ते 'भारताचा शोध', त्याच्या सुरुवातीलाच त्यांच्या बागकामाचा उल्लेख आहे. फुलांचे वाफे करायला ते भर उन्हात खणत, आणि माती कसली, नुसता दगडधोंडा आणि जुन्या बांधकामांचा राडारोडा. खणता खणता जुन्या भिंती आणि गाडल्या गेलेल्या घुमटांचे माथे लागले. निजामशाहीच्या किल्ल्यात निजामशाही लागली, तर सावेडीतल्या प्लॉटखाली बिल्डरशाही लागते: सिमेंटच्या गोण्या, फुटक्या फरशा, सेंट्रिंगच्या फळ्या. फळी कुजली की वर खळगा. नळाची पाइपलाइन गाडली आणि चर नीट ठोकून भरला नाही की लांबट खळगा. उपटलेल्या बाभळीचं खोड खाली राहिलं की गोल खळगा. घुशीने बीळ केलं की एका रात्रीत पडलेला खळगा. यांतला प्रत्येक वेगळा आहे आणि यांतला एकही डंपरभर मातीने सुटत नाही. दोन फूट पहार घालून पाहायला अर्धा तास लागतो. ठेकेदार ते करत नाही, कारण त्या अर्ध्या तासाचं बिल होत नाही.

आणि अख्खं उपटून नवं अंथरा म्हणणाऱ्यांना? रोटाव्हेटर मारायचा आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून गुंडाळलेले गवताचे गालिचे आणून पसरायचे, हा महागातला मार्ग. त्या गालिच्यात बहुधा हरळीचीच एखादी निवडक जात असते. इकडे राहुरी-नेवाशाचा शेतकरी उसातली हरळी खणून खणून कमरेत वाकला. कांडी राहिली की पुन्हा फुटते, म्हणून त्याच्या आज्याने तिला शिव्या दिल्या, बापाने दिल्या, तोही देतो. त्याचाच शहरात राहणारा भाऊ तीच हरळी चौरस फुटाच्या भावाने विकत घेतो, आणि ती जगेना म्हणून माणूस बोलावतो. हरळीला जगवावं लागत नाही. फक्त उन्हाळ्यात तिला पिवळं पडू द्यायचं धैर्य लागतं.

मी काय केलं ते सांगतो, म्हणजे नुसता विरोध केल्याचा आळ नको. वैशाखात काहीच केलं नाही. भेगा पडलेल्या असताना जमिनीची पातळी मोजणं म्हणजे तापात वजन करणं. श्रावण संपत आला, भेगा मिटल्या, मग एका सकाळी पाऊस थांबल्यावर अंगणात जाऊन जिथे पाणी होतं तिथे फक्कीने गोल काढले. तीन निघाले. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर दोन गोलांत पाणी नव्हतं, तिथलं गवत बाकीच्यापेक्षा गर्द झालं होतं. ते दोन तसेच ठेवले. तिसऱ्यात मात्र पाचव्या दिवशीही टाच बुडत होती. वाफशावर यायला आणखी चार दिवस थांबलो, मग त्या जागेची हिरवळ इंग्रजी एच अक्षरासारखी कापली, दोन्ही पाकळ्या सतरंजीची घडी उलगडावी तशा मागे टाकल्या आणि पहार घातली. हात-सव्वाहातावर ठण्ण वाजलं. घर बांधताना कुणीतरी केलेल्या शोषखड्ड्यावरची फरशी होती, मधोमध मोडून आत खचलेली.

फरशी काढली, खड्डा खालून खडी आणि वर मुरूम टाकून ठोकून भरला. शेवटचा वीतभर थर तिथल्याच काळीचा, त्यात निम्मं चाळलेलं शेणखत. बसून खाली जाईल म्हणून दोन बोटं उंच ठेवला. पाकळ्या परत मिटवल्या, पायाने हलकेच दाबल्या, सांध्यांत मूठ मूठ माती भरली आणि गवताची टोकं वर दिसत राहतील याची काळजी घेतली. काळीची अकरा घमेली, दोन माणसं, एक दुपार.

ठेकेदार दिवाळीच्या आधी पुन्हा आला होता. अंगणात इकडून तिकडे फिरला, त्या जागेवर उभा राहिला, म्हणाला, "इथं कुणाकडून करून घेतलं?" मी सांगितलं. त्याने बाकीच्या दोन खळग्यांकडे बोट केलं. "आणि हे?"

"ते असू द्या," मी म्हणालो. चहा पिऊन तो शेजारच्या बंगल्यात गेला. तिथे आता डंपर उभा आहे.